अवजारांचा वारसा : कसब कोणाचे, सक्ती कोणाची?

मराठीत अलीकडे जुन्या अवजारांविषयी फार ममतेने लिहिले जाते. आजोबांचा विळा, पणजीचे जाते, तीन पिढ्यांची कुऱ्हाड हे विषय दिवाळी अंकांत दिसतात, ग्रामीण आठवणींच्या पुस्तकांत दिसतात. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत तर ही अवजारे शोभेसाठी भिंतीवर टांगलेलीच असतात. ह्या लेखनाचा सूर सामान्यतः एकच असतो. पूर्वीची माणसे वस्तू जपत, हाताने काम करीत, कामात आनंद मानीत. यंत्र आले आणि तो आनंद गेला. हा सूर ऐकायला गोड आहे. परंतु ज्यांच्या घरात अवजाराशिवाय दुसरा कोणताच वारसा आला नाही, त्यांनीही तो जसाच्या तसा आळवावा काय, हा प्रश्न दलित समीक्षेने विचारलाच पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पिढीजात अवजाराबरोबर घरात दोन गोष्टी येतात. एक कसब आणि दुसरी सक्ती. कसब म्हणजे हातांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेले ज्ञान. सक्ती म्हणजे हे ज्ञान तुझ्याच जातीने बाळगावे आणि दुसरे कोणतेही बाळगू नये, हा गावाचा हुकूम. प्रस्थापित लेखन कसबाचे गुणगान करते आणि सक्ती झाकून ठेवते. आपले लेखन सक्तीवर घाव घालते, पण त्या भरात पुष्कळदा कसब विसरते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय अवजारांविषयीचे कोणतेही लेखन खरे होणार नाही.

१

करमाड हे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना लागणारे गाव. रेल्वेचे स्थानक आहे, शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. नांगरटीला ट्रॅक्टर येतो, मळणीला यंत्र येते. तरीही खुरपे, विळा, कुऱ्हाड, पहार, टिकाव ही हाताची अवजारे इथून गेलेली नाहीत. तणनाशकाचे डबे आले, पण कपाशीच्या बुडाशी अडकलेले तण काढायला अजून खुरपेच लागते. शेतमजूर बाई सकाळी निघते तेव्हा भाकरीच्या फडक्याबरोबर स्वतःचे खुरपेही घेऊन निघते. जमीन तिची नाही, पीक तिचे नाही. अवजार मात्र तिने आणायचे. पुष्कळदा ते सासूकडून आलेले असते. पाते झिजून अरुंद झालेले, मूठ दोनदा तीनदा बदललेली.

ती हे जुने खुरपे का वापरते? पांढरपेशा लेखक म्हणेल, आठवण म्हणून. तिला विचारले तर ती सांगेल की बाजारातल्या पत्र्याच्या खुरप्याची धार टिकत नाही. ह्याला पाणी नीट दिलेले आहे. पाणी देणे म्हणजे तापून लाल झालेले पाते नेमक्या क्षणी पाण्यात बुडवून त्याला कडकपणा आणणे. क्षण चुकला तर पाते ठिसूळ होते, नाहीतर मऊ राहते. तो क्षण लोहार लोखंडाच्या रंगावरून ओळखतो. विद्यापीठात ह्याच गोष्टीला धातुशास्त्र म्हणतात आणि ते शिकवणाऱ्याला खुर्ची देतात. भट्टीपुढे बसणाऱ्याला कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही.

रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी पाहा. ही भटक्या जमातींतली लोहारकाम करणारी माणसे. मालमोटारीच्या मोडक्या कमानीचा पाटा तापवून त्यातून ती कुऱ्हाड, कोयता, विळा काढतात. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे. ऐरण, सांडशी आणि घण तेच आहेत. पुरुष सांडशीने लोखंड धरतो, लहान हातोडी टेकवून जागा दाखवतो, आणि त्या जागेवर घण घालते ती बाई. घाव एक बोटभर इकडे तिकडे पडला तर धरणाऱ्याचा हात जाईल. मराठी कवितेत घण पुष्कळ वाजले आहेत. पण घण घालणारी ही बाई त्या कवितेत शोधावी लागते. बलुतेदारांच्या यादीतही तिच्या जमातीला जागा नव्हती, कारण बलुते मिळायला आधी गावात घर लागते.

हे कसब खरे आहे. त्याविषयी आदर बाळगण्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न पुढे सुरू होतो.

२

गावगाड्यात अवजार आणि जात ह्यांची गाठ पक्की मारलेली होती. सुताराला वाकस आणि पटाशी, लोहाराला ऐरण आणि भाता, चांभाराला रापी आणि आरी, मांगाला दोर वळायची लाकडी फिरकी. महाराला काय? गावकीची काठी, पाटलाच्या वाड्यावरची लाकडे फोडायची कुऱ्हाड आणि मेलेले ढोर सोलायची सुरी. ह्या तिन्हींमागेही कसब आहेच. कातड्याला भोक न पाडता जनावर सोलणे सोपे नाही. बाभळीचा गाठाळ बुंधा कोणत्या रेषेवर फुटेल हे ओळखणे सोपे नाही. पण त्या कसबाचा मोबदला म्हणून शिळी भाकरी मिळाली आणि काम नाकारले तर बहिष्कार मिळाला. नकार देता येत नाही तेव्हा कामातल्या आनंदाची भाषा बोलणे ही क्रूर थट्टा आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, असे आवाहन केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी निजामाच्या राज्यात, कन्नडजवळच्या मक्रणपूरला त्यांच्या उपस्थितीत परिषद झाली आणि आपल्या जिल्ह्यातही चळवळीने मूळ धरले. वस्त्यावस्त्यांतून लोकांनी सुऱ्या टाकल्या, काठ्या टाकल्या. आज आपल्या बहुतेक घरांत गावकीची काठी सापडणार नाही. ती हरवलेली नाही, जाणूनबुजून टाकलेली आहे. इतरांकडे जपलेल्या अवजाराचा वारसा असेल. आपल्याकडे टाकलेल्या अवजाराचा वारसा आहे, आणि तो कमी अभिमानाचा नाही.

पण टाकलेल्या वस्तूला संग्रहालयात जागा नसते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण पाहतो. दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वापरातल्या वस्तूंना दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे मोठे काम आहे. तरीही कपाटातली वस्तू आपल्याला तिचा आकार आणि तिच्यावरची नक्षी सांगते. ती कोणी घडवली, कशाच्या मोबदल्यात घडवली आणि घडवायला नकार देण्याची त्याला मुभा होती काय, हे ती सांगत नाही. हे प्रश्न साहित्याने आणि समीक्षेने विचारायचे असतात.

३

दगडाच्या अवजारांचे उदाहरण घेऊ. बारशाच्या दिवशी वरवंट्याला बाळासारखे नटवून पाळण्याखालून फिरवायचा, पाळण्यात ठेवायचा हा विधी आपल्याकडे पुष्कळ घरांत चालतो. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी ह्या विधीकडे लक्ष वेधले आणि दगडी अवजारांच्या आदिम काळाचा हा जिवंत अवशेष आहे, असे दाखवले. ग्रंथात नसलेला इतिहास वापरातल्या वस्तूत कसा सापडतो, हे कोसंबींनी आपल्याला शिकवले. त्यांच्या पद्धतीनेच एक प्रश्न पुढे विचारता येतो. पाट्याला आणि जात्याला टाकी कोण लावते? छिन्नी आणि हातोडी घेऊन दारोदार हाळी देत फिरणारी वडार समाजातली बाई. वापरून गुळगुळीत झालेल्या दगडावर तिने खाचा पाडल्या नाहीत तर जात्यातून पीठ पडत नाही, पाट्यावर मसाला वाटला जात नाही. वरवंटा पाळण्यात जातो आणि त्याला टाकी लावणारी बाई अंगणात बसून काम उरकून निघून जाते. आपल्या संस्कृतीत दगड देव होऊ शकतो. दगड घडवणाऱ्याला शेजार मिळत नाही.

जात्याला आणखी एक इतिहास आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ ह्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली त्यांनी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या नोंदवल्या. ज्या दगडापुढे पहाटेपासून बाईची कंबर मोडायची, त्याच दगडापुढे बसून तिने भीमाचे नाव ओवीत बांधले. तिच्या हाती ना शाळा होती, ना छापखाना. खुंटा धरलेला हात आणि गळा एवढेच तिचे साधन.

आता गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. ह्याचे दुःख करावे काय? त्या बायांना 'पुन्हा जाते फिरवा' असे सांगून पाहा. त्या हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल. पहाटेचे दळण ही सक्ती होती, ती गेली हे बरे झाले. ओवी हे कसब होते, ते नोंदले गेले म्हणून वाचले. कसब आणि सक्ती वेगळी करता येतात ह्याचा हा पुरावा आहे. दळणाची मोळी पुन्हा बाईच्या डोक्यावर न देताही ओवीचा सन्मान करता येतो.

४

ह्या कसोटीवर आपले वाङ्मय तपासले तर काय दिसते? त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ चे. बलुतेदारीची इतकी बारकाईची माहिती क्वचितच दुसरीकडे मिळेल, आणि आत्रे त्या व्यवस्थेचे भाबडे भक्तही नाहीत. परंतु ते गाड्याकडे कुणब्याच्या बाजूने पाहतात. बलुतेदाराचा भार कुणब्याला किती झाला हा त्यांचा हिशेब आहे. बलुतेदाराला अवजाराचा भार किती झाला, हा हिशेब तिथे नाही.

तो हिशेब मांडायला १९७८ साल उजाडावे लागले. दया पवार ह्यांच्या 'बलुतं'चे नावच एक जमाखर्च आहे. हाताने राबून मागायला जायचे, आणि मिळेल ते हक्क म्हणून नव्हे तर उपकार म्हणून घ्यायचे, ही त्या शब्दातली जखम त्यांनी उघडी केली. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' आले. कैकाड्यांची टोपली विणण्याची कला पाहून ज्यांना हस्तकलेचे कौतुक वाटते, त्यांनी हे पुस्तक वाचावे. गाढवाच्या पाठीवर संसार लादून फोकांच्या शोधात गावोगाव फिरताना ती कला पोटाला किती पुरते आणि त्या फिरस्तीतून मुलाला शाळेत पाठवायचे ठरवले तर जातीची माणसेच कशी आडवी येतात, हे त्यात आहे. अवजार घराण्यात टिकवून ठेवण्याची सक्ती फक्त पाटील करीत नाही. कधी आपली जातपंचायतही करते. हे सांगण्याचे धैर्य ह्या पुस्तकाने दाखवले.

ह्या दोन्ही पुस्तकांत सक्तीचा हिशेब चोख आहे. कसबाचाही हिशेब मांडला तो ऊर्मिला पवार ह्यांच्या 'आयदान'ने, २००३ मध्ये. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. वडिलांच्या मागे आईने ती विणून घर चालवले, आणि लेखिकेने आपल्या लिहिण्याची वीण आईच्या त्या विणण्याशी जोडून पाहिली. हे नाते जुळवताना तिने आईच्या कष्टाला साखरेत घोळवले नाही. बोटे सोलणारे काम तिथे कष्टाचेच राहते, आणि तरीही आईच्या बोटांतली बुद्धी लेकीच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या वाङ्मयात अवजार आणि माणूस ह्यांचे इतके सरळ नाते मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

आपल्या कवितेबद्दल मात्र तक्रार नोंदवणे भाग आहे. सत्तरच्या दशकापासून आपल्या कवितेत कुदळ, हातोडा, घण, सुरुंग पुष्कळ आले. पण ते लगेच क्रांतीची प्रतीके झाले. त्या वेळी ते आवश्यक होते, कारण नकाराला धारदार शब्द हवे होते. पुढे मात्र सवय लागली. कवितेतल्या हातोड्याला वजन उरले नाही, त्याच्या दांड्याला घामाचा डाग उरला नाही. जो कवी चांभारवाड्यात वाढला त्याच्या कवितेतही रापी कशी धरतात हे सापडत नाही, पण सूर्य मुठीत धरलेला सापडतो. प्रस्थापितांनी अवजाराची शोभेची वस्तू केली. आपण त्याची घोषणा केली. दोन्हीकडे ते वापरणारा हात गाळला गेला.

अण्णा भाऊ साठे ह्यांनी १९५९ मध्ये 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लेखणी हेही अवजारच आहे, हे त्या कामगार लेखकाला कोणी शिकवावे लागले नाही. माझ्यासारख्या, घरातल्या पहिल्या पदवीधराच्या हाती आलेले हे पहिले अवजार की जे जातीने नेमून दिलेले नव्हते. पण ते हाती आले म्हणून आईच्या हातातल्या खुरप्याचे नाव विसरायचे, असा त्याचा अर्थ नाही. खुरप्याचे नाव लिहिता यावे म्हणूनच ते हाती घेतले.

५

हा प्रश्न केवळ आठवणींचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. अवजार अजूनही माणसाला गिळते आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. उचल माणसांना दिलेली नसते, कोयत्याला दिलेली असते. फेड झाली नाही तर कोयता पुढच्या हंगामाला बांधला जातो, आणि पाचटात वाढलेले मूल मोठे होऊन नवा कोयता होते. त्यात एकाच जातीची माणसे नाहीत. कोरडवाहू आणि भूमिहीन अशा सगळ्या जातींची आहेत. माणसाचे नाव पुसून तिथे अवजाराचे नाव लिहिणारी ही भाषा आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे, आणि आपल्या ललित लेखकांना अजून आजोबांच्या विळ्याचे अप्रूप आहे!

शासनाचेही पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार, सुतार, चांभार, कुंभार, परीट, न्हावी, टोपल्या आणि केरसुण्या करणारे असे अठरा व्यवसाय तिच्यात आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि कमी व्याजाचे कर्ज मिळते. रस्त्याकडेच्या भट्टीला ह्या पैशाचा उपयोग होईल. मदतीला विरोध करण्याचे कारण नाही. पण योजनेची भाषा कुटुंबात चालत आलेल्या पारंपरिक व्यवसायाची आहे. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये नेमका ह्यावर बोट ठेवून ही योजना आहे त्या रूपात राबवण्यास नकार दिला. कुटुंबाच्या व्यवसायाची अट काढा आणि किमान वय अठरावरून पस्तीस करा, अशी त्यांची मागणी होती. अठराव्या वर्षी मुलाने महाविद्यालयात असावे की बापाच्या ऐरणीपुढे, असा हा साधा प्रश्न आहे.

त्याहून अवघड प्रश्न आपल्याच घरातला आहे. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींपासून महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी देण्याची पद्धत आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ती नव्याने मांडली गेली. नोकरीबरोबर पगार येतो, कधी राहण्याची खोली येते. ज्या घराला दुसरा आधार नाही त्याने हा हक्क सोडावा, असे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारदाराला नाही. पण बापाचा झाडू मुलाकडे जाणे हा हक्क म्हणून लढून मिळवावा लागतो, ह्यातच व्यवस्थेचा डाव दिसतो. हाताने मैला उचलण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. वारसाला नोकरी द्या, पण ती त्याच्या शिक्षणाप्रमाणे कोणत्याही विभागात द्या, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. पगाराचा वारसा हवा, झाडूचा नको.

प्रत्येकाने पोटासाठी वडिलोपार्जित धंदाच करावा, असे गांधीजी सांगत. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ह्याचे उत्तर दिले : जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. पुढे १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, कारण यंत्रामुळे कष्टकऱ्याला उसंत मिळू शकते आणि उसंतीशिवाय संस्कृती नाही. हाताच्या अवजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे उत्तर अजून दिलेले नाही.

पण नुसते यंत्र आले म्हणून सुटका होत नाही, हेही करमाडने पाहिले आहे. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. खुरप्याला सातबारा नसतो. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे टाळेबंदीत पायी गावाकडे निघाली होती. ज्यांच्या हातून पोलाद निघत होते त्यांना घरी पोहोचवायला एक वाहन मिळाले नाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. पहिली गावगाड्यात भेटते, दुसरी कारखान्याच्या दारात.

६

मग करायचे काय? शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांना सहज करता येईल असे एक काम मी सुचवतो. आपापल्या गावात वापरात असलेल्या जुन्या अवजारांची नोंद करा. नाव, आकार आणि वय एवढ्यावर थांबू नका. ते कोणी घडवले, धार कोण लावते, त्याचा मोबदला पूर्वी काय होता आणि आज काय आहे, ते बाई वापरते की पुरुष आणि दोघांची मजुरी सारखी आहे काय, घरातल्या कोणत्या मुलाने ते हाती घ्यायला नकार दिला आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारा. जी अवजारे आपण टाकली त्यांचीही नोंद करा. कोणत्या साली टाकली आणि त्यासाठी गावाने काय शिक्षा दिली तेही लिहा. ही माहिती सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.

समीक्षकांनीही एवढे पाहावे. अवजारावरचे लेखन समोर आले की ते हातात धरणाऱ्याला ते खाली ठेवण्याची मुभा होती काय, हा पहिला प्रश्न विचारावा. ज्या लेखनाला हा प्रश्न सुचत नाही ते कितीही सुंदर असो, अपुरे आहे. आणि ज्याला हवे त्याने, हव्या त्या जातीच्या मुलाने वा मुलीने, पूर्ण दाम घेऊन ऐरणीपुढे किंवा मागापुढे बसावे आणि नको तेव्हा उठावे, असा समाज घडवणे हे आपले काम आहे. तोवर वारशाचे गौरवगीत गायची घाई आपण करू नये.